पाण्याखालची गावे, काठावरचे गाव

टोरांटोहून मॉन्ट्रियलला मोटारीने जाणारी मराठी कुटुंबे ४०१ क्रमांकाच्या महामार्गावर मॉरिसबर्गचा फाटा मागे टाकून बहुधा तशीच पुढे जातात. ओढ मॉन्ट्रियलची असते आणि पाटीवर ‘अपर कॅनडा व्हिलेज’ एवढेच लिहिलेले असते. त्या फाट्याला वळून थोडे दक्षिणेला गेले की सेंट लॉरेन्स नदीच्या काठावर एक जुने ब्रिटिश वळणाचे खेडे लागते. पांढरे लाकडी चर्च, एका खोलीची शाळा, विटांची खानावळ, दगडी फार्महाउस, लोहाराचे दुकान, छापखाना, पाण्यावर चालणारी सॉ-मिल, लोकर विणण्याची गिरणी. रस्ता मातीचा आणि वाहतूक घोड्यांच्या गाड्यांची. पिठाच्या गिरणीत दगडी जात्यांवर गहू खरोखरच दळला जातो आणि त्या पिठाचे पाव गावातल्याच बेकरीत भाजले जातात. १८६० च्या दशकातली कामे अंगावर त्या काळचे कपडे घालून माणसे करत असतात, आणि विचारले तर यंत्राचा एकेक भाग उलगडून सांगतात.

यातल्या बऱ्याचशा इमारती अस्सल आहेत. दीड-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी राहण्यासाठी, दळण्यासाठी, प्रार्थनेसाठी त्या बांधल्या होत्या. गाव मात्र अस्सल नाही. १९६१ च्या जूनमध्ये हे संग्रहालय उघडले, त्याआधी इथे अशी वस्तीच नव्हती. घरे वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून इथे आणली आणि एका गावाच्या आकारात मांडली. त्यांना उचलावे का लागले, याचे उत्तर गावाच्या कडेने वाहणाऱ्या पाण्यात आहे.

‘अपर कॅनडा’ हे आजच्या दक्षिण ओंटारिओचे ब्रिटिश अमदानीतले नाव. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जे वसाहतवाले इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढले, त्यांना युद्ध हरल्यावर घरदार सोडावे लागले. १७८४ मध्ये त्यांच्यातल्या अनेकांना सेंट लॉरेन्सच्या उत्तर काठावर जमिनी मिळाल्या. इतिहासात त्यांना लॉयलिस्ट, म्हणजे राजनिष्ठ, म्हणतात. वस्तीचा घाट इंग्रजी होता, पण माणसे सगळी इंग्रज नव्हती. क्राइस्लर, लाउक्स, कुक, ऑल्ट ही इथली जुनी आडनावे. यांच्यापैकी बऱ्याच घराण्यांचे पूर्वज जर्मनीच्या पॅलाटिनेट भागातून न्यूयॉर्क वसाहतीत आले होते. राजाचा झेंडा, अँग्लिकन चर्च, इंग्रजी कायदा आणि जर्मन शेतकऱ्यांचे हात, अशा मिश्रणातून ही ‘इंग्रज’ खेडी उभी राहिली. जमीन मूळची तिथल्या आदिवासींची होती, ही गोष्ट त्या काळच्या वाटपात कुणी विचारात घेतली नाही.

ही खेडी नदीवर जगत. लाँग सॉल्ट नावाचा खळाळता उतार मधे होता. तिथे होड्या वर नेणे अशक्यप्राय असायचे, म्हणून माल आणि माणसे उतरवून पुढे जमिनीवरून न्यावी लागत. डिकिन्सन्स लँडिंग हे गाव त्याच सोयीतून वाढले. १८४० च्या दशकात कॉर्नवॉल कालवा झाला, १८५६ मध्ये मॉन्ट्रियल-टोरांटो रेल्वे आली आणि वस्ती स्टेशनांभोवतीही पसरली. १८६० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे राजे सातवे एडवर्ड, या भागात आगगाडीतून उतरून आगबोटीने उतारावरून गेले. ज्या स्टेशनावर ते उतरले, त्या वस्तीने आपले नावच ‘वेल्स’ करून घेतले. मिल रोश, मुलिनेट, फॅरन्स पॉइंट, ऑल्ट्सव्हिल, मेपल ग्रोव्ह, सांताक्रूझ, वुडलँड्स आणि शीक बेटावरची शेतवस्ती धरून अशी दहा गावे आज नकाशावर नाहीत.

अटलांटिकवरून मोठी जहाजे थेट शिकागोपर्यंत नेता यावीत आणि लाँग सॉल्टच्या उतारावर वीज करता यावी, असा कॅनडा आणि अमेरिकेचा जोड प्रकल्प १९५४ मध्ये सुरू झाला. कॉर्नवॉलजवळ नदीवर मोझेस-साँडर्स धरण बांधले गेले. त्यात ३२ टर्बाइने आहेत, सोळा कॅनडाची आणि सोळा अमेरिकेची. धरणामागे नवे सरोवर होणार होते आणि त्याच्या पोटात ही गावे होती. कॅनडाच्या बाजूने सुमारे साडेसहा हजार माणसे उठली. धरणासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. मुळशी, कोयना, उजनी ही नावे पुरेशी आहेत.

तिथे एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी घडली. पाचशेहून अधिक घरे न मोडता, अख्खीच्या अख्खी नव्या जागेवर गेली. न्यू जर्सीच्या हार्ट्सहॉर्न कंपनीची दोन अवाढव्य यंत्रे यासाठी आणली होती. घराच्या पायाला भोके पाडून खालून पोलादी तुळया सरकवायच्या, यंत्राच्या चौकटीत घर अलगद उचलून धरायचे आणि माणसापेक्षा उंच चाकांवरून मैल-दोन मैल न्यायचे. घर इतके स्थिर राही की कपाटातली काचेची भांडी बाहेर काढायची गरज नसे. तिथल्या घरांचा सांगाडा लाकडी असल्यामुळे हे जमले. काळ्या दगडाचा आपला वाडा असा उचलता येणार नाही, तो मोडूनच न्यावा लागेल. इरोक्वॉय हे गाव अख्खे सुमारे दीड किलोमीटर मागे हलवले, मॉरिसबर्गचा नदीकाठचा भाग हलवला, आणि विस्थापितांसाठी इंगलसाइड आणि लाँग सॉल्ट ही दोन नवी गावे वसवली. कबरस्तानांचाही प्रश्न होताच. काही कबरी नातेवाइकांच्या इच्छेने हलवल्या, पुष्कळशा दगडांचा थर टाकून जागेवरच राहू दिल्या.

जी घरे हलवण्याजोगी नव्हती, ती पाडली किंवा जाळली. या जाळण्याची एक हकिकत फारशी कुणाला ठाऊक नसते आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. १९५८ च्या सुरुवातीला, भर हिवाळ्यात, कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या संशोधकांनी ऑल्ट्सव्हिलमध्ये आठ रिकाम्या इमारतींना मुद्दाम आग लावली. सहा राहती घरे होती आणि दोन मोठ्या इमारती. खोल्यांत तापमापके, धूर आणि विषारी वायू मोजणारी साधने लावली होती. खिडकीतून बाहेर पडणारी उष्णता शेजारच्या घरापर्यंत किती पोहोचते, हे बाहेरून मोजले. जळत्या घरात माणूस किती वेळ तग धरू शकतो, शेजारच्या घराने पेट घेऊ नये म्हणून मधे किती अंतर लागते, भिंतीत खिडक्या किती असाव्यात, या प्रश्नांना त्यातून खरी आकडेवारी मिळाली. ‘सेंट लॉरेन्स बर्न्स’ या नावाने हे प्रयोग अग्निशास्त्रात ओळखले जातात. दोन इमारतींमध्ये किती अंतर ठेवायचे, याबद्दलचे कॅनडाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतले नियम या मोजमापांवर उभे राहिले. ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागाच्या नव्या वसाहतीत शेजाऱ्याकडे तोंड असलेल्या भिंतीला एवढ्या कमी खिडक्या का, असे ज्यांना वाटले असेल त्यांनी ऑल्ट्सव्हिलची आठवण काढावी. बुडालेल्या गावाचा हा वारसा कुठल्याही संग्रहालयात मांडलेला नसतो, पण त्याने माणसांचे जीव राखले आहेत.

१ जुलै १९५८, कॅनडाचा राष्ट्रीय दिवस. सकाळी आठ वाजता तीस टन स्फोटकांनी तात्पुरता बांध उडवला. बघायला जमलेल्या लोकांना प्रचंड लाट येईल असे वाटले होते. पाणी मात्र हळूहळू, जमीन भिजवत, चढत राहिले. सरोवर भरायला चार दिवस लागले. त्या दिवसाला तिथे आजही ‘इनन्डेशन डे’, जलसमाधीचा दिवस, म्हणतात. पुढच्या वर्षी जूनमध्ये राणी एलिझाबेथ आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी जलमार्गाचे औपचारिक उद्घाटन केले.

याच पाण्यात एक रणांगणही गेले. ११ नोव्हेंबर १८१३ रोजी जॉन क्राइस्लर याच्या शेतावर ब्रिटिश, कॅनेडियन आणि मोहॉक सैनिकांच्या छोट्या फौजेने मॉन्ट्रियलवर चालून आलेल्या कितीतरी मोठ्या अमेरिकन फौजेला मागे फिरवले होते. ते शेत बुडाले. तिथली माती आणून काठावर एक टेकाड रचले आणि १८९५ चे स्मारक त्याच्यावर उभे केले. अपर कॅनडा व्हिलेज त्याच्या शेजारी आहे.

आता त्या गावाकडे परत पाहू. त्याची मांडणी वास्तुविशारद अँथनी अॅडमसन, जीर्णोद्धाराचे जाणकार पीटर स्टोक्स आणि घराच्या आतल्या सामानाची अभ्यासक जीन मिनहिनिक यांच्या देखरेखीखाली झाली. काम अव्वल दर्जाचे आहे. लाकडाचे सांधे कसे होते, रंगाच्या थरांखाली मूळ रंग कोणता, पडदे कोणत्या कापडाचे, चुलीशेजारी कोणती भांडी, हे त्यांनी तपासून लावले. मुलिनेटचे क्राइस्ट चर्च हे १८३७ चे. क्राइस्लर कुटुंबाचे विटांचे मोठे घर ग्रीक वळणाच्या खांबांचे आहे. ग्रामीण ओंटारिओतला जमीनदार आपली प्रतिष्ठा कशी दाखवत असे ते या घरासमोर उभे राहिले की कळते. कुकची खानावळ १८३० च्या दशकातली. घोडागाडीने लांबचा प्रवास करणारे तिथे उतरत, घोडे बदलत, बातम्या देत-घेत. जेरमाया फ्रेंच हा लॉयलिस्ट अधिकारी. त्याच्या कुटुंबाने आणि पुढे रॉबर्टसन घराण्याने वापरलेले घर मेपल ग्रोव्हकडून आले.

मात्र सगळ्या इमारती बुडणाऱ्या गावांतल्या नाहीत. असेल्स्टाइन यांची लोकरीची गिरणी किंग्स्टनच्या पश्चिमेच्या ओडेसा गावातून आली. बेलामी यांची पिठाची गिरणी नॉर्थ ऑगस्टाची, सॉ-मिल हेक्स्टनची. या गावांना धरणाचा धोका नव्हता. आयोजकांना १८६० च्या दशकातले परिपूर्ण खेडे दाखवायचे होते. त्या चित्रात जे बसत होते ते लांबून आणले आणि जे बसत नव्हते ते बुडू दिले. १९५० च्या सुमाराचे ऑल्ट्सव्हिल किंवा वेल्स कसे होते? तिथे पेट्रोल पंप होते, साधी फळकुटांची घरे होती, न्हाव्याचे दुकान होते. फुटपाथवर मोठाली जुनी झाडे होती, आणि संध्याकाळी पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची रीत होती. ज्या माणसांनी घर सोडले, ती अशा गावांतून निघाली होती. संग्रहालयाला त्यांचे गाव ‘पुरेसे जुने’ वाटले नाही.

माझे मत इथे स्पष्ट आहे. अपर कॅनडा व्हिलेज हे इमारतींचे उत्तम संग्रहालय आहे. बुडालेल्या गावांचे स्मारक ते नाही आणि तसे त्याला मानू नये. विस्थापितांना मिळालेल्या नव्या गावांत वळणदार रस्ते होते, पाण्याचे नळ आणि गटारे होती, दुकानांचे संकुल होते. नदी मात्र राहिली नाही. नवा काठ बहुतांशी सरकारी उद्यानांकडे गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या काठावर राहिलेली कुटुंबे आत सरकली. मोहॉक लोकांच्या अक्वेसास्ने आणि कानावागे या वस्त्यांचीही जमीन या जलमार्गासाठी गेली. त्यांच्या घरांसाठी कुणी संग्रहालयाचे गाव उभारले नाही.

जुनी इमारत हलवावी की नाही, हा वाद जगभर चालला आहे. १८९१ मध्ये स्टॉकहोममध्ये आर्तुर हासेलियस याने ‘स्कान्सेन’ उघडले, तेव्हापासून घरे उचलून आणून मांडण्याची पद्धत युरोपात रुजली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मात्र असे बजावले की वास्तू तिच्या जागेपासून आणि तिने पाहिलेल्या इतिहासापासून वेगळी करता येत नाही. तिचा बचाव करायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच ती हलवावी. खुद्द इंग्लंडमधल्या खेड्यांनाही हे भोगावे लागले. डर्बीशायरमधले डरवेंट गाव लेडीबावर धरणात गेले. चर्चचा मनोरा काही वर्षे पाण्यातून वर डोकावत होता, तो १९४७ मध्ये सुरुंग लावून पाडला. गावातला घोड्यांच्या वाहतुकीचा जुना दगडी पूल मात्र दगड न्‌ दगड सोडवून वरच्या खोऱ्यात पुन्हा बांधला. केंटमध्ये बाउ बीच जलाशयाखाली जाणारे पंधराव्या शतकातले ‘बेलीफ’ हे शेतघर १९६० च्या दशकाच्या अखेरीस सोडवून ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात उभे केले. म्हणजे ‘इंग्लंडमधले अस्सल खेडे’ म्हणून आपण जे पाहतो, त्यातही कधी कधी धरणाचा हात असतो.

आपल्याकडे गोव्यात याचा अगदी जवळचा दाखला आहे. सांगे तालुक्यातले कुर्डी गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे जन्मगाव, साळावली धरणात गेले. तिथले कदंबकालीन महादेव मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगडांना क्रमांक देऊन सोडवले आणि धरणाजवळ पुन्हा उभे केले. मंदिर वाचले ही मोठीच गोष्ट. पण उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरते तेव्हा कुर्डीकर जातात ते हलवलेल्या मंदिराकडे नव्हे, मूळ गावाच्या भेगाळलेल्या जमिनीवर. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या चॅपेलच्या जागी जमतात, आणि आपले घर कुठे होते ते मुलांना जोत्यांवरून दाखवतात. उजनीच्या पाण्यात गेलेल्या जुन्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर दुष्काळात उघडे पडले की इंदापूर तालुक्यातली माणसेही अशीच तिथे जातात. ऑल्ट्सव्हिललाही हेच घडते. पाणी उतरले की जुने फुटपाथ आणि घरांचे पाये वर येतात, आणि म्हातारी माणसे त्यांच्यावरून चालत आपला रस्ता शोधतात. लाँग सॉल्टजवळच्या बेटांवरून जाणारा एक रस्ता आहे; ही बेटे म्हणजे पूर्वीच्या टेकड्यांचे माथे. तिथे जुन्या महामार्गाचा तुकडा सरळ पाण्यात उतरलेला दिसतो.

बुडालेल्या गावांच्या आठवणींचे काम शेवटी त्या गावच्या लोकांनीच हाती घेतले. १९७७ मध्ये त्यांनी ‘लॉस्ट व्हिलेजेस हिस्टॉरिकल सोसायटी’ काढली. लाँग सॉल्टजवळ ऑल्ट पार्कमध्ये त्यांचे छोटे संग्रहालय आहे. एक रेल्वे स्टेशन, एक किराणा-भुसार दुकान, न्हाव्याचे दुकान, लहानसे चर्च, वाचनालय, अशा दहाएक इमारती तिथे आहेत. स्थापत्याच्या दृष्टीने बहुतेक साध्याच. आत भिंतींवर गावांचे नकाशे, दुकानांच्या पाट्या, शाळेतल्या वर्गांचे फोटो. कुणाचे घर कुणाच्या शेजारी होते हे तिथे कळते. अपर कॅनडा व्हिलेजमध्ये उत्तम सुतारकाम पाहायला मिळते; वेल्समध्ये राहणारी माणसे कोण होती हे कळण्यासाठी ऑल्ट पार्कलाच जावे लागते. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत आहेत. उन्हाळ्यात ओटावाकडून किंवा टोरांटोकडून निघणाऱ्यांनी दोन्ही पाहावीत, आणि क्रम असा ठेवावा की आधी ऑल्ट पार्क, मग मोठे संग्रहालय. मुलांना घेऊन गेलात तर लोकरीच्या गिरणीत जास्त वेळ राखून ठेवा. पाण्याच्या जोरावर चालणारे पट्टे आणि चाके पाहून यंत्रयुग कसे सुरू झाले ते पुस्तकापेक्षा लवकर कळते.

महाराष्ट्रात पाण्याखाली गेलेल्या गावांची संख्या ओंटारिओतल्या दहा गावांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि त्या गावांत वाढलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या घरात असेल तर या सुट्टीत कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा. वेशीपासून नदीपर्यंतचा रस्ता, पार, विहीर, चावडी, शाळा आणि प्रत्येक घरावरचे नाव त्यांच्याकडून काढून घ्या. नकाशा वेडावाकडा झाला तरी चालेल. त्याची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्या आणि एक पुनर्वसित गावच्या शाळेत.